कॅनव्हास आपोआप फिरतो: जुलै महिन्याच्या नोंदी

५ जुलै २०२४, शुक्रवार

काल संध्याकाळी काम झालंच नाही. वर्ल्ड कप जिंकून आलेल्या टीमची मिरवणूक मरीन ड्राइव्हवर आणि गर्दी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. शटर ओढून घरी गेले. कॉम्प्युटरचं दुखणं सुरू झालंय सोमवारपासून, लिहायला आज घेतेय. कुणाचं असंच होत असेल तर निदान माझ्यासारख्या चुका तरी त्याच्या टळतील.

आधी मशीन. २०१९ साली लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जोडून घेतलेलं. रायझन ५ ३६००, ८-८ जीबीच्या दोन रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, २५० जीबीची एसएसडी, २ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १०, फोटोशॉप २०२४. शिवाय पेन टॅब्लेट, ज्यावर पेनही चालतं आणि बोटंही. काम जुने फोटो दुरुस्त करण्याचं. गिरगावात वडिलांचा स्टुडिओ होता, त्यातली डार्करूम गेली, गाळा राहिला. वाळवी लागलेले, काचेला चिकटलेले, मधोमध घडी पडलेले आजोबा-पणजी माझ्याकडे येतात. आणि ‘तेराव्याला फ्रेम हवी’ अशी घाईची कामं.

लक्षणं अशी. क्लोन स्टॅम्पने गालावरची चीर भरत असते आणि कॅनव्हास, म्हणजे स्क्रीनवर उघडलेला फोटो, आपोआप दहा-बारा अंशांनी तिरका होतो. २०० टक्क्यांवर काम चालू असताना एकदम ३३ टक्क्यांवर उडी. ब्रशची रेघ मध्येच तुटते. दिवसातून एक-दोनदा फोटोशॉप काही न सांगता बंद. एकदा तर अख्खं मशीन रीस्टार्ट झालं. ब्राउझर, हिशेब, गाणी मात्र सगळं ठणठणीत. त्यामुळे निदान एका मिनिटात झालं: फोटोशॉप बिघडलंय.

नंतरची भर: वरचं वाक्य खोडणार नाही. पुढचे बारा दिवस त्यानेच खाल्ले.

६ जुलै

कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट दाबून फोटोशॉप सुरू केलं, प्रेफरन्सेस उडवल्या. सगळीकडे हाच पहिला उपाय सांगतात आणि तो वाईट नाही. पण उडवण्याआधी काय काय उडणार हे मी पाहिलं नाही. रंगांच्या सेटिंग मूळपदावर गेल्या, कीबोर्डचे माझे शॉर्टकट गेले. ते परत बसवण्यात दोन तास गेले. तिसऱ्या तासाला कॅनव्हास परत तिरका.

८ जुलै

रात्रभर धो धो. काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरच्या वर पडला म्हणे. लोकल बंद, गिऱ्हाईक नाही. मी चालत येऊ शकते, म्हणून आले. गाळ्यात पाणी नव्हतं, पण शहाबादी फरशी घाम आल्यासारखी ओली होती.

टॅब्लेटचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला. फरक शून्य. कार्डाचा ड्रायव्हर काढून परत टाकला. तिथेही शून्य. मग प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सखाली ‘यूज ग्राफिक्स प्रोसेसर’ची खूण काढली आणि फोटोशॉप परत सुरू केलं. अर्धा तास कॅनव्हास जागचा हलला नाही. मी खुर्चीतून उठून चहा करून घेतला, इतका आनंद. झूमच्या उड्या अधूनमधून होत होत्या, त्यांच्याकडे मी काणाडोळा केला. चोर सापडला असं एकदा ठरलं की बाकीचे पुरावे दिसत नाहीत.

९ आणि १० जुलै

लॅमिंग्टन रोड. जुनं, वापरलेलं कार्ड ६,५०० रुपयांना घेतलं, आठ दिवसांत परत आणलं तर हजार कापून घेण्याच्या बोलीवर. माझ्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे कार्ड काढून बघू असं म्हणता येत नाही. कार्ड काढलं की स्क्रीनच काळी.

नवीन (म्हणजे जुनं) कार्ड लावलं, खूण परत टाकली. वीस मिनिटांत कॅनव्हास तिरका.

मग डोक्यात आलं ते आधी यायला हवं होतं. फोटोशॉपमधलं कॅनव्हास फिरवणं ग्राफिक्स प्रोसेसरवरच चालतं. खूण काढली की ती सोयच बंद होते. म्हणजे ८ तारखेला मी दुखणं बरं केलं नव्हतं, फक्त ज्या पायाने पेशंट लंगडत होता तो पायच बांधून ठेवला होता. फिरवण्याचा हुकूम तेव्हाही येतच होता, तो पाळणारं कुणी नव्हतं.

कार्ड परत. हजार रुपये गेले. दुकानदार सज्जन, त्याने बोलल्याप्रमाणे ५,५०० दिले आणि वर म्हणाला, “मॅडम, एकदा फॉरमॅट मारून बघा ना.”

१२ जुलै

मारला फॉरमॅट. ओळखीचा मुलगा आला, ८०० रुपये. “डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेतलाय ना?” त्याने विचारलं. घेतला होता. पण माझ्या फोटोशॉपच्या अ‍ॅक्शन (एका क्लिकवर चालणाऱ्या, नोंदवून ठेवलेल्या कृती) आणि ब्रश त्यात नव्हतेच. ते सी ड्राइव्हवर यूझरच्या अ‍ॅपडेटा-रोमिंगच्या आत कुठेतरी खोल बसलेले असतात. बुरशीचे डाग काढायची अ‍ॅक्शन, सेपिया उतरवायची, मोत्यांच्या माळेवर चमक आणायची, पाच वर्षांत थोडी थोडी करत जमवलेल्या. अ‍ॅक्शनच्या पॅनलमध्ये ‘सेव्ह अ‍ॅक्शन्स’ म्हणून साधी सोय आहे. पाच वर्षांत एकदाही दाबली नव्हती.

त्या मुलाचा दोष नाही. त्याला कळायचं कसं.

स्वच्छ विंडोज, स्वच्छ फोटोशॉप. संध्याकाळी कॅनव्हास तिरका.

१५ जुलै

आज नवीनच संकट. लालबागच्या एका कुटुंबाचा पणजीचा फोटो, नऊवारीतला, १९३० च्या आसपासचा असावा. ४ बाय ६ इंची मूळ प्रत मी १२०० डीपीआयला, १६ बिटमध्ये स्कॅन करते. अशी एक फाइल २०० एमबीच्या आसपास उघडते आणि त्यावर चार-पाच भरलेले लेअर चढले की गिगाबाइटच्या वर जाते. गुरुवारी सेव्ह केलेली फाइल आज उघडली तर पदरावरून आडवे हिरवे-जांभळे पट्टे. दुसरी एक फाइल उघडलीच नाही.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, बघितली. ‘कर्नल-पॉवर ४१’च्या चार नोंदी. ही नोंद इतकंच सांगते की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. का, ते सांगत नाही. म्हणजे डॉक्टरने ‘पेशंट पडला होता’ असं लिहून देण्यासारखं. विंडोजचीच मेमरी तपासणी चालवली, ‘काही आढळलं नाही’ म्हणाली. मी विश्वास ठेवला. ही चूक क्रमांक किती, मोजणं सोडलंय.

१७ जुलै, आषाढी एकादशी

उपवास, साबुदाणा, आणि भाच्याला सुट्टी. तो त्याचा लॅपटॉप घेऊन गाळ्यात आला. तो इंजिनीअरिंगला आहे, पण आज कामाला आलं ते शिक्षण नव्हे, आळस. चार्जर कोण काढणार म्हणून त्याने लॅपटॉप बॅटरीवरच ठेवला, माझं टॅब्लेट त्याला जोडलं, आणि मी त्यावर पाऊण तास काम केलं. कॅनव्हास शांत. मी म्हटलं, बघ, माझं मशीनच गेलं.

मग बॅटरी १५ टक्क्यांवर आली. चार्जर माझ्याच एक्स्टेंशन बोर्डात लावला. दोन मिनिटांत कॅनव्हास डुलायला लागला.

“मावशी, हात लावू नकोस,” तो म्हणाला आणि चार्जर काढला. शांत. लावला. डुलला. सहा वेळा केलं. वेगळं मशीन, वेगळं विंडोज, वेगळं फोटोशॉप. सारखं होतं ते फक्त टॅब्लेट आणि भिंतीतला प्लग.

“पायात चप्पल घाल.” मी गाळ्यात अनवाणीच बसते. चप्पल घातली, डुलणं निम्म्यावर आलं. पाय परत फरशीवर टेकवला, सुरू.

टेस्टर घेऊन त्याने माझ्या सीपीयूच्या मागच्या स्क्रूला लावला. आतला दिवा मंद पेटला. मल्टीमीटर लावला तर सीपीयूचा डबा आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १०८ व्होल्ट. डब्याला हात लागला की बारीक झिणझिण्या यायच्या हे मला दोन-तीन वर्षांपासून माहीत होतं. ‘पावसात जरा लागतं’ म्हणून सोडून दिलेलं.

भाच्याने सांगितलं ते माझ्या शब्दांत: सीपीयूच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून डब्याला, एक न्यूट्रलपासून डब्याला. त्यांची गळती अर्थिंगच्या वायरने जमिनीत जावी अशी रचना. अर्थिंग नसेल तर डबा दोघांच्या मधोमध लटकतो, २३० च्या निम्म्याला, ११५ च्या आसपास. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण तो डबा यूएसबीच्या वायरने टॅब्लेटलाही जोडलेला. आणि टॅब्लेटचा बोटं ओळखणारा पृष्ठभाग अंगातल्या विजेच्या बारीक फरकावरच चालतो. मी ओल्या फरशीवर अनवाणी, म्हणजे मी जमिनीला जोडलेली, आणि टॅब्लेट लटकलेलं. माझा तळहात त्यावर टेकला की त्याला नसलेली बोटं दिसायला लागतात. दोन बोटं फिरली असं वाटलं की कॅनव्हास फिरवतो, लांब गेली असं वाटलं की झूम करतो.

मग पूर्वी का होत नव्हतं? हे मलाच आठवलं. जूनच्या शेवटी टेबलाखालची रबरी चटई बुरशी आली म्हणून मी फेकून दिली होती.

टॅब्लेटवरचं स्पर्शाचं बटण बंद केलं, नुसतं पेन ठेवलं. कॅनव्हास फिरणं थांबलं. बटण टॅब्लेटच्या कडेलाच होतं. पण झिणझिण्या आहेत त्या आहेतच, म्हणून वायरमनना फोन.

१९ जुलै, शुक्रवार

सकाळी अकराला निळी स्क्रीन. तासाभरात सगळीकडे बातमी, जगभर विंडोज निळं पडलंय, विमानं खोळंबलीत, विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. समोरचा झेरॉक्सवाला सांगायला आला, “तुमचंही त्यातलंच, थांबा, संध्याकाळपर्यंत येईल ठीक.” मी थांबलेही. दुपारी नीट वाचलं तर तो गोंधळ क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका अपडेटमुळे, मोठ्या कंपन्यांच्या मशीनवर. माझ्याकडे ते सॉफ्टवेअर कधी नव्हतंच. अर्धा दिवस जागतिक संकटात सहभागी होण्यात गेला.

चार वाजता वायरमन काका. होल्डरला बल्ब लावून केलेला टेस्ट लॅम्प त्यांच्या पिशवीत कायम. फेज-न्यूट्रलला लावला, लखलखीत. फेज-अर्थला लावला, काळोख. बोर्ड उघडला तर हिरवी वायर जागेवर होती. म्हणजे अर्थिंग होतं? काका त्या वायरच्या मागे मागे गेले, भिंतीवरून, माळ्याखालून, मोरीपर्यंत. वायर नळाच्या पाइपला क्लॅम्पने बांधलेली. आणि क्लॅम्पच्या एक फूट पुढे पाइप पीव्हीसीची. तीन वर्षांपूर्वी गंजलेली लोखंडी पाइप बदलली तेव्हा प्लंबरने आमचं अर्थिंगही बदलून टाकलं होतं, त्यालाही न कळता.

“पाइपला बांधायचंच नसतं ताई. पण चाळीत असंच केलेलं असायचं.”

शेजारचे एकजण म्हणाले, कशाला खर्च, न्यूट्रलमधून एक तुकडा अर्थच्या भोकात टाका, बल्ब पेटेल. काकांनी हात जोडले. “पेटेल ना. आणि वर कुठे न्यूट्रल सुटली तर डब्यावर अख्खे २३० येतील. मग झिणझिण्या नाहीत येणार, ताईच जाईल.” कुणी हा उपाय सुचवला तर करू नका. फोटोशॉपच्या नोंदीत एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल.

२० जुलै

जिन्याखालच्या मीटर बोर्डावर अर्थिंगची पट्टी आहे, ती शाबूत. तिथून गाळ्यापर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची हिरवी वायर ओढली, सोबत ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. सामान २,१००, मजुरी ८००. टेस्ट लॅम्प फेज-अर्थला पेटला आणि लगेच आरसीसीबी पडली, काका खूश, कारण पडायलाच हवी होती. डबा ते न्यूट्रल आता जेमतेम २ व्होल्ट.

स्पर्शाचं बटण परत चालू केलं, अनवाणी बसले, तीन तास काम केलं. कॅनव्हास नाही हलला.

साडेसात वाजता निळी स्क्रीन.

२१ आणि २२ जुलै

माझ्या मशीनला एक आजार नव्हता, दोन होते. दोघे एकमेकांचे कपडे घालून फिरत होते आणि मी दोघांना एकाच नावाने हाका मारत होते. कॅनव्हास फिरणं हा एक. मशीन पडणं आणि फाइलवर पट्टे येणं हा दुसरा.

निळ्या स्क्रीनवरचे शब्द लिहून ठेवायला हवे होते. १९ ला ‘मेमरी मॅनेजमेंट’ होतं, काल ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. दर वेळी वेगळं कारण दिसत असेल तर रॅमवर संशय घ्यावा, असं भाच्याचं म्हणणं.

पेन ड्राइव्ह आणला (३५०), त्यावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम टाकला, रात्री लावून घरी गेले. त्याच्या फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात. पहिली फेरी मुद्दाम आखूड असते, तिच्यावर समाधान मानून उठू नका. माझी पहिली फेरी स्वच्छ होती. सकाळी चौथीनंतर बघितलं तर सात चुका, सगळ्या वरच्या पत्त्यांवर, म्हणजे रॅममधल्या वरच्या जागांवर.

फोटोशॉपच का पडायचं याचं उत्तर तिथेच होतं. फोटोशॉप उपलब्ध रॅमपैकी ७० टक्के स्वतःकडे घ्यायला तयार असतं, तीच त्याची मूळ सेटिंग. गाणी आणि हिशेब खालच्या मजल्यावर राहायचे. वरच्या मजल्यावर एक जिना मोडलेला होता आणि तिथपर्यंत जाणारं भाडेकरू एकच.

२३ जुलै

बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, बंद करून रॅम मूळ वेगावर आणली. चुका तशाच. दोन्ही रॅम काढून पाय खोडरबराने घासले, फुंकर मारली, लावल्या. चुका तशाच. मग एक-एक. पहिली रॅम दोन्ही खाचांत स्वच्छ. दुसरी दोन्ही खाचांत चुकते. म्हणजे खाच नाही, रॅमच. एवढं करायला पूर्ण दिवस आणि रात्र लागली, पण या महिन्यातलं हे पहिलं काम ज्यात एक रुपयाही वाया गेला नाही.

२५ जुलै

रॅमला लाइफटाइम वॉरंटी. बिल सापडलं, फ्रेमच्या खोक्यात, पूर्ण कोरं. थर्मल कागद, पाच वर्षांत शाई उडाली. मी ते स्कॅन केलं, रंगांचे चॅनल वेगळे करून पाहिले, निळ्यात किंचित काहीतरी होतं, कर्व्हज ओढल्यावर तारीख आणि दुकानाचं नाव दोन्ही वर आले. प्रिंट काढून मोठ्या अभिमानाने सर्व्हिस सेंटरला नेलं. काउंटरवरच्या मुलीने बघितलंही नाही. “बिल नको मॅडम, रॅमवरचा सिरियल नंबर पुरे.”

बदली यायला नऊ-दहा दिवस. तोवर ८ जीबी.

२९ जुलै

८ जीबीवर काम करायचं म्हणून हिस्टरी (किती पावलं मागे जाता येतं ते) ५० वरून २० केली आणि स्क्रॅच डिस्क (रॅम अपुरी पडली की फोटोशॉप वापरतं ती तात्पुरती जागा) सी ड्राइव्हवरून हार्ड डिस्कवर नेली. सी ड्राइव्हवर २२ जीबीच मोकळे उरले होते, तेही आत्ता बघितलं. हळू चालतं, पण चालतं.

खरं काम वेगळंच होतं. १ जुलैपासून सेव्ह केलेल्या ३१ फाइल उघडून १०० टक्के झूमवर वरपासून खालपर्यंत बघितल्या. तीन बिघडलेल्या. बॅकअपच्या डिस्कवरही त्याच तीन, तशाच बिघडलेल्या, कारण बॅकअपने इमानदारीने पट्ट्यांसकट कॉपी केली होती. दोघांच्या मूळ प्रती माझ्याकडे होत्या. लालबागच्या पणजीची मूळ प्रत मी ‘स्कॅन झालंय, घेऊन जा’ म्हणून परत दिली होती.

फोन करून काय झालं ते सांगितलं. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, “अहो, या की, त्यानिमित्ताने घर बघा.” फोटो देव्हाऱ्याच्या वर परत लागला होता. उतरवताना मला फार अपराधी वाटलं. आता काम संपून फ्रेम पोचेपर्यंत मूळ प्रत परत द्यायची नाही असं ठरवलंय.

५ ऑगस्ट

नवीन रॅम शनिवारी आली. आधी मेमटेस्ट, चारही फेऱ्या, शून्य चुका, मगच फोटोशॉप उघडलं. पणजीचा पदर परत पहिल्यापासून भरला, यावेळी अकरा तास लागले (पहिल्यांदा चौदा). अ‍ॅक्शन नव्याने करतेय, बुरशीची झाली. झाली तशी लगेच सेव्ह करून हार्ड डिस्कवरही टाकली.

हिशेब: कार्ड परत करताना कापलेले १,०००, फॉरमॅट ८००, पेन ड्राइव्ह ३५०, अर्थिंग २,९००. एकूण ५,०५०. यातले १,८०० निव्वळ माझ्या घाईचे. दिवस मोजले तर काम पूर्ण बंद असे नऊ. दोन फ्रेमची कामं दुसरीकडे गेली, तेरावा थांबत नाही.

मागच्या गाळ्यातल्या शिलाईवाल्या काकू आज विचारायला आल्या, त्यांच्या इस्त्रीलाही झिणझिण्या येतात. बघितलं तर त्यांची हिरवी वायरही त्याच नळावर. वायरमन काका गुरुवारी येतायत, माझ्याकडचे त्यांचे २०० रुपयेही तेव्हाच द्यायचे आहेत.